‘नेल्सन’च्या डेकवर

१५ ऑगस्ट १९१७. दुपारचे पावणेतीन. तुम्ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे, उत्तर समुद्रात, एकसष्ट टनांच्या एका लाकडी मच्छिमारी गलबतावर उभे आहात. पायांखालचा डेक खवल्यांनी निसरडा झालाय. जाळं नुकतंच पाण्यात सोडलंय. एक खलाशी उद्याच्या न्याहारीचे मासे साफ करत बसलाय. तांडेल टॉमस क्रिस्प खाली खणात मासे भरतोय.

वर बघा. डोलकाठ्या दोन, शिडं तांबूस. हात लावलात तर कापड जाड आणि चिकट लागेल, कारण ते कात, गेरू आणि चरबीत मुरवलेलं असतं. नाहीतर खाऱ्या पाण्याने कधीच कुजलं असतं. हा कात हिंदुस्थान-ब्रह्मदेशाकडून येतो. आपले कातकरी खैराची लाकडं उकळून काढायचे, तोच. इतक्या दूर, या थंड पाण्यात, तुमच्या ओळखीची तेवढी एकच वस्तू आहे.

बाकी सगळं चारचौघांसारखं दिसतंय ना? तसं दिसावं यासाठीच तर सगळी धडपड. हे गलबत ब्रिटिश नौदलाचं आहे. पसाऱ्यात दडवलेली एक छोटी तोफ आहे. तिचा गोळा जेमतेम दीड किलोचा. दारूगोळ्याची कोठी आहे, गुप्त कागदपत्रं आहेत, संदेशासाठी कबुतरं आहेत. गलबताचं नाव आज ‘नेल्सन’, पूर्वी ‘जी अँड ई’. नाव बदलत राहायचं, म्हणजे शत्रूला माग लागत नाही.

ही वेळ का आली, ते बघायला दोन वर्षं मागे चला. १९१५ च्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या छोट्या जर्मन पाणबुड्यांनी लोस्टॉफ्ट बंदराच्या मच्छिमारांचं कंबरडं मोडलं. लाकडी गलबतावर महागडा टॉर्पेडो कोण वाया घालवणार? पाणबुडी सरळ वर यायची, माणसांना होडीत उतरायला लावायची आणि गलबतात बॉम्ब ठेवून ते उडवायची. क्रिस्प ज्या गलबतावर होता तेही असंच गेलं, आणि काही काळ त्याला जाळ्यांच्या कारखान्यात काम करावं लागलं. मग नौदलाने यावर तोड काढली: शत्रू जवळ येतोच आहे, तर येऊ द्या आणि जवळूनच मारा. काही गलबतांवर गुपचूप तोफा चढवल्या. १५ ऑगस्ट १९१५ ला, म्हणजे आजच्याच तारखेला, ‘इन्व्हरलायन’ नावाच्या अशाच एका गलबताने अगदी जवळ आलेल्या यूबी-४ पाणबुडीवर तोफ डागली आणि तिला सगळ्या माणसांसकट तळाला धाडलं. युक्ती फळली.

पण युक्ती एकदाच नवी असते. १९१७ उजाडेपर्यंत जर्मनांना सारं कळून चुकलं होतं. त्यांच्या पाणबुड्या मोठ्या झाल्या, तोफा लांब पल्ल्याच्या झाल्या. जवळ यायची गरजच उरली नाही. ‘नेल्सन’वरची तोफ मात्र तीच राहिली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका झुंजीबद्दल क्रिस्पला नौदलाचं पदक मिळालं, तांडेल म्हणून त्याचं नाव झालं. पण पदकाने तोफेचा पल्ला वाढत नाही. मला राग येतो तो याचाच.

आता परत डेकवर या. क्रिस्प वर आलाय. क्षितिजावर काहीतरी दिसतंय म्हणून दुर्बीण मागवतो, आणि लगेच ओरडतो: पाणबुडी! पहिला गोळा पुढ्यात, शंभरेक यार्डांवर पडतो. मासे साफ करणारा हातातलं टाकून दारूगोळ्याकडे धावतो. जाळ्याचा दोर सोडून देतात, त्याच्या टोकाला खुणेची तरंगती काठी बांधतात. अशा वेळीही जाळं परत सापडावं ही काळजी. हाडाचे मच्छिमार ते! गोलंदाज रॉस शत्रू टप्प्यात यायची वाट बघतो. शेवटी क्रिस्पच म्हणतो, आता थांबण्यात अर्थ नाही. तोफ सुटते. गोळे वाटेतच पाण्यात पडतात.

पाणबुडी यूसी-६३ लांबूनच ८८ मिलिमीटरचे गोळे टाकतेय. चौथा गोळा नाळेत, पाण्याच्या रेषेखाली घुसतो. सातवा क्रिस्पच्या अंगातून आरपार जातो, डेक फोडतो आणि गलबताच्या कुशीतून बाहेर पडतो.

गलबतावर आरडाओरडा होत नाही. सुकाणू आता क्रिस्पच्या मुलाने धरलंय. त्याचंही नाव टॉमच. रॉस मलमपट्टी करायला वाकतो, पण करण्यासारखं काही उरलेलं नाही. क्रिस्प शुद्धीवर आहे. तो कबुतरासाठी मजकूर सांगतो: पाणबुडीचा हल्ला, तांडेल ठार, मदत पाठवा. जिवंत असतानाच त्याने स्वतःला मेलेल्यांत धरलंय. फक्त पाच गोळे उरलेत. गलबत सोडा, कागदपत्रं समुद्रात टाका, हा त्याचा हुकूम. तुला होडीत उचलून घेऊ का, असं विचारल्यावर तो म्हणतो, मला पाण्यात टाका. त्याला हलवणं शक्यच नव्हतं. मुलगा बापाला डेकवर ठेवून होडीत उतरतो. पाऊण तासही नाही, पाव तासात ‘नेल्सन’ नाळेकडून बुडते.

होडीतले रात्रभर वल्ही मारतात. पहाटे वारा उठतो, दिशा चुकते. दुसऱ्या दिवशी दोन वल्ह्यांना एक विजार आणि मेणकापडाचा तुकडा बांधून खूण उभारतात. एक जहाज दिसतं, सुरुंग काढणाऱ्या बोटी दिसतात, सगळं पुढे निघून जातं. तिसऱ्या दिवशी एका तरंगत्या बोयाला होडी बांधतात, तेव्हा कुठे त्यांची सुटका होते. ‘रेड कॉक’ नावाचं ते कबुतर लोस्टॉफ्टला पोचलं होतं, म्हणून शोध सुरू झाला.

ऑक्टोबरच्या अखेरीला पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी पार्लमेंटात ही हकिगत सांगितली. १९ डिसेंबरला बकिंगहॅम राजवाड्यात टॉमने बापाचा व्हिक्टोरिया क्रॉस राजा पाचव्या जॉर्जच्या हातून घेतला. यूसी-६३ ला त्याआधीच, १ नोव्हेंबरला, ब्रिटिश पाणबुडी ई-५२ ने बुडवलं होतं.

पण त्या दुपारी ‘नेल्सन’जवळ आणखी एक सशस्त्र गलबत होतं, ‘एथेल अँड मिली’. तांडेल चार्ल्स मॅनिंग. तेही लढलं आणि हरलं. त्याच्या सात जणांना जर्मनांनी पाणबुडीच्या डेकवर रांगेत उभं केलेलं ‘नेल्सन’च्या होडीतल्यांनी पाहिलं. त्यानंतर ते सात जण कोणालाही कधी दिसले नाहीत. क्रिस्पचं नाव घ्याल तेव्हा मॅनिंगचंही घ्या.