घरातली यंत्रे आणि घरातली मते

चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘जुन्या काळाबद्दल काहीतरी’ लिहावयास सांगितले. मंडळाच्या दुपारच्या बैठकीत हल्ली एअर फ्रायरवर बराच खल चालतो. कोणी म्हणते तेल वाचते, कोणी म्हणते त्यातला वडा हा वडाच नव्हे. हे ऐकताना मला राहून राहून वाटते की, अशीच चर्चा आपल्या आयांनी आणि आज्यांनीही केली असेल. यंत्र तेवढे निराळे. तेव्हा स्वयंपाकघरातील यंत्रांचा, आणि त्यांच्याबद्दल लोकांनी दिलेल्या मतांचा, थोडा इतिहास येथे सांगते. फ्रिज, टीव्ही, पंखे यांना वगळले आहे. ज्यांना माझे हात लागले त्यांचेच सांगते.

आरंभ जात्यापासून करावा लागेल. पहाटे उठून दळण काढावे, मग दिवस सुरू व्हावा, हा क्रम शेकडो वर्षे चालला. पुढे पिठाची गिरणी आली आणि मते सुरू झाली. गिरणीचे पीठ गरम होते, त्याचा कस जातो, बायकांचा व्यायाम बुडतो, त्या आळशी होतात. ही मते सांगणारांपैकी किती जणांनी जात्याचा खुंटा हातात धरला होता, हे विचारण्याची सोय त्या काळी नव्हती. एक गोष्ट मात्र खरीच गेली, ती म्हणजे ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून, तेथील बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज आपल्याला वाचावयास व ऐकावयास मिळतात. त्यांत विठोबा आहे, भाऊ आहे, माहेर आहे. तसेच दमलेले अंग आणि सासरचा जाचही आहे. जात्याचे गोडवे गाणारांनी त्याही ओव्या ऐकाव्यात.

शिवणयंत्राचे नशीब मात्र निराळे. त्याला फारसा विरोध झाला नाही. आयझॅक सिंगर याने अमेरिकेत १८५१ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या पाच वर्षे आधी एलियास हौ याने असेच पेटंट घेतलेले होते, आणि दोघांची कोर्टकचेरीही झाली. सिंगरच्या कंपनीने हप्त्याने यंत्र देण्याची पद्धत पाडली. आज आपण मोबाइलसुद्धा हप्त्यावर घेतो, त्या पद्धतीची एक जुनी आजी ती. गंमत अशी की, यंत्रांविषयी इतके कठोर लिहिणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. बायकोला हाताने टाके घालीत बसलेली पाहून सिंगरला तिची कीव आली आणि त्या प्रेमातून हे यंत्र जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. सिंगरचे चरित्र पाहिले तर गृहस्थाने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते आणि त्याला वीसहून अधिक मुले होती. तेव्हा प्रेमाची ही गोष्ट जरा सांभाळूनच घ्यावी. यंत्र चांगले होते, एवढे पुरे. आपल्यासारख्या कित्येक मंडळांचे शिवणवर्ग त्यावरच उभे राहिले.

आता स्टोव्ह. स्वीडनमध्ये, स्टॉकहोम येथे, फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास बिनवातीचा स्टोव्ह तयार केला. त्याचे नाव प्रायमस. टाकीत पंपाने हवा भरावयाची, काकड्याने बर्नर तापवावयाचा. मग रॉकेलची वाफ होऊन बारीक छिद्रातून जोराने बाहेर येते आणि निळ्या ज्योतीने जळते. चुलीचा धूर नाही, काजळी नाही. दक्षिण ध्रुवावर १९११ साली पोहोचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीजवळ प्रायमस होता. १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर गेले तेव्हाही बर्फ वितळवून पाणी करण्यासाठी असलाच स्टोव्ह बरोबर होता. आणि तोच आमच्या चाळीत सकाळी सहाला भर्र करू लागे. पिन करता करता छिद्र मोठे झाले की ज्योत पिवळी पडे, मग बर्नर बदलावयाचा. ही विद्या आम्हांला कोणत्याही शाळेत शिकवली नव्हती.

स्टोव्हविषयी मात्र आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. सणाच्या अंकात हे कशाला, असे काही भगिनींना वाटेल, तरी लिहिते. १९७० आणि १९८० च्या दशकांत वर्तमानपत्रात वारंवार एक छोटी बातमी येई: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. स्टोव्ह भडकतही असत, हे खरेच. पण भडका नेमका सुनेच्याच पदराला कसा लागतो, सासूच्या किंवा नणंदेच्या का लागत नाही, हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. त्यानंतर १९८३ साली फौजदारी कायद्यात सासरच्या छळाविरुद्ध ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा असा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर जबाब नवऱ्याने व सासरच्यांनी द्यावयाचा, असे त्यात ठरले. आमच्या शेजारच्या चाळीत त्याआधी असा एक प्रकार झाला. तिचे नाव लिहीत नाही. पंचनाम्यात स्टोव्हच लिहिला गेला. महिन्याभराने त्या घरातून तो स्टोव्ह बोहारणीला दिला. बोहारणीने तो तेथेच जिन्याखाली पेटवून पाहिला, आणि तो उत्तम पेटला. आम्ही चार-पाचजणी उभ्या होतो. कोणी काही बोलले नाही.

गॅस आला तेव्हाही भीतीचीच मते अधिक होती. मुंबईत बर्मा शेलचा गॅस १९५० च्या दशकात मिळू लागला, आणि १९६५ साली इंडेन सुरू झाला. ‘घरात बॉम्ब ठेवता काय’, असे म्हणणारे पुढे सिलिंडरसाठी प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे नाव लावून बसले.

प्रेशर कुकरची कथा मला सर्वांत आवडते. डेनी पापँ हा फ्रेंच विद्वान. त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे ठेवले. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांवर न उकळता अधिक तापते आणि कठीण पदार्थही मऊ होतो, हे त्याचे तत्त्व. भांडे फुटू नये म्हणून वजन लावलेली झडपही त्यानेच बसविली. आपल्या कुकरची शिट्टी ती हीच. १६८२ साली सोसायटीच्या सभासदांना त्यातले जेवण वाढले आणि जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत त्याची तारीफ लिहून ठेवली: कठीण हाडेसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती म्हणे. जेवणारे सगळे पुरुष. एवढे होऊनही हे भांडे आपल्या ओट्यावर यावयास जवळजवळ २८० वर्षे लागली. हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही कुकरांचा भारतातील जन्म १९५९ च्या सुमाराचा.

मधल्या काळात एका बंगाली डॉक्टरने आपल्या पद्धतीचा कुकर काढला होता, त्याची आठवण ठेवली पाहिजे. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली ‘इकमिक कुकर’ तयार केला. हायजिनिक आणि इकॉनॉमिक या दोन शब्दांच्या शेपट्या जोडून ते नाव बनले. उंच नळकांडे, खाली कोळशाची लहान शेगडी, आत एकावर एक डबे: एकात भात, एकात वरण, एकात भाजी. लावून ठेवावे आणि कामाला जावे. आज आपण कुकरात डब्यांवर डबे ठेवतो तेव्हा पापँचे झाकण आणि मल्लिकांचे डबे एकत्र येतात, असे मला वाटते. इकमिक खोलीवर एकटे राहणाऱ्या पुरुषांना फार प्रिय होता. पुरुषाने स्वयंपाक करावयाचा म्हटले की यंत्र लगेच सापडते, हे येथे नमूद करून पुढे जाते.

माझे लग्न १९६९ सालचे. कुकर घरात आला तेव्हा आमच्या सासूबाईंचे मत पडले की, हा आजाऱ्याचा भात आहे. सासऱ्यांचे मत, जीवनसत्त्वे मरतात. वस्तुतः कुकरात अन्न सुमारे १२० अंशांवर, पण थोडाच वेळ शिजते, म्हणून उघड्या पातेल्यात तासभर रटरटण्यापेक्षा नुकसान अधिक होते असे नाही. सासूबाईंनी सहा महिन्यांत आपले मत बदलले, कारण हरभऱ्याची उसळ अर्ध्या तासात होऊ लागली. सासऱ्यांनी बदलले नाही. त्यांना बदलण्याचे कारणही नव्हते.

मिक्सरचे श्रेय मात्र एका गृहिणीच्या तक्रारीला आहे. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरीबाई यांचा जर्मन ब्राउन मिक्सर बिघडला आणि येथे दुरुस्त होईना. ती यंत्रे मुळात फळांचा रस आणि दूध घुसळण्यासाठी केलेली. भिजवलेली उडदाची डाळ आणि सुके खोबरे पाहून त्यांची मोटर बसत असे. आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सर करून दाखवा, असे बाईंनी नवऱ्याला सांगितले. त्यातून १९६३ साली कंपनी निघाली आणि ‘सुमीत’ मिक्सर आला. पुढे तो लग्नाच्या रुखवतात मिरवू लागला. पाट्यावरच्या चटणीची चव येत नाही, हे मत मलाही मान्य आहे. पण ते मत देताना पाटा कोणी धुतला, हेही मी विचारते.

एवढी यंत्रे आली, मग आपला वेळ वाचला किती? रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली पुस्तक लिहून दाखविले की, तेथील घरांत यंत्रे आली तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत, कारण कामाची अपेक्षा वाढली आणि पूर्वी नवरा-मुले करीत ती कामेही तिच्यावर आली. आपल्या सरकारने २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. जे पुरुष घरकाम करीत होते ते ९७ मिनिटे. आणि असे पुरुष शंभरांत २६ निघाले. मिनिटांचा हिशेब मी आमच्या घरी जेवताना वाचून दाखविला. नातवाने त्या दिवशी ताटे उचलली. दुसऱ्या दिवशीचे विचारू नका.

वर्धापनदिनी मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा एक कोपरा मांडावयाचे ठरले आहे. कोणाच्या माळ्यावर इकमिक कुकर असेल तर कृपा करून आणावा. डबे कमी असले तरी चालेल, शेगडी गंजली असल्यास घासू नये, आहे तशीच आणावी. जात्याची वरची तळी मिळाली आहे, खालची हवी आहे. पितळी स्टोव्ह चार आले, आता पुरे.