तुऱ्यावरून ठरलेले नाव

लहानपणी आमच्या अम्मीच्या खुराड्यात आठ-दहा कोंबड्या असत. संध्याकाळी एखादी शेजारणीच्या खुराड्यात जाऊन बसली की तंटा ठरलेला. अम्मी म्हणायची, "रंग काय बघता? तुरा बघा. आमच्या कबरीचा तुरा डावीकडे पडलाय." तंटा तिथेच मिटे. पुढे अमेरिकेतल्या दोन कोंबड्यांची हकीगत वाचली, तेव्हा अम्मीचा हा निवाडा आठवला.

एक डॉमिनिक, दुसरी बार्ड प्लिमथ रॉक. दोघींच्या अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, पाय पिवळे, चोच पिवळी. डॉमिनिक जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांकडे ती सर्रास असे. तिच्यात तुरे दोन तऱ्हेचे निघत. एक उभा, करवतीच्या दात्यांसारखा. दुसरा डोक्याला चिकटलेला, कणीदार, मागे टोक काढलेला. तिथल्या हिवाळ्यात उभ्या तुऱ्याची टोके गारठून झडतात, बसका तुरा बचावतो. शेतकऱ्याला फरक पडे तो एवढाच.

१८६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावच्या प्रदर्शनात प्लिमथ रॉक मांडली गेली. उभ्या तुऱ्याचा पट्टेरी कोंबडा आणि काळ्या जावा कोंबड्या यांची ही संतती. (जावा हे नुसते नाव, तीही अमेरिकेतच घडलेली जात.) अंगाने ती थोराड. तिचा नर साडेनऊ पौंडांचा, डॉमिनिकचा सात पौंडांत आटपतो. पण तरण्या पक्ष्यांत हे कळायचे कसे? बक्षीस कोणत्या नावाने द्यायचे? १८७०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या पंचांनी सोपा मार्ग काढला. बसका तुरा ती डॉमिनिक, उभा तुरा ती प्लिमथ रॉक. १८७४ च्या अमेरिकन प्रमाणग्रंथात दोन्ही जाती वेगवेगळ्या नोंदल्या गेल्या. एका घरात वाढलेल्या बहिणींची आडनावेच बदलली म्हणा ना!

मुरलेले जाणकार मात्र तुऱ्यावर थांबत नाहीत, पिसे उलगडून बघतात. प्लिमथ रॉकची पिसे सावकाश वाढतात, म्हणून तिचे पट्टे पट्टीने आखल्यासारखे. डॉमिनिकचे वेडेवाकडे, कडा फिसकटलेल्या. मला ते फिसकटलेलेच अधिक आवडतात. पण मला कोण पंच करतो!

पुढे प्लिमथ रॉकची भरभराट झाली. तिच्याच पांढऱ्या वाणाचा कॉर्निश कोंबड्याशी संकर करून ब्रॉयलर घडला. कॉर्निशच्या अंगात आपल्याकडच्या असील कोंबड्याचे रक्त आहे. असील हा अरबी शब्द. आपला 'अस्सल' त्याच मुळाचा. डॉमिनिक मात्र आटत गेली. १९७० मध्ये तिचे चारच कळप ठाऊक होते. काही हौशी मंडळींनी ते एकत्र जोपासले, म्हणून ती वाचली.

आणि त्या निवाड्याचे काय झाले? पंचांच्या निर्णयानंतर सुमारे तीस वर्षांनी, १९०२ मध्ये, इंग्लंडमध्ये बेटसन यांनी तुरा वारशाने कसा उतरतो ते दाखवून दिले. बसका तुरा वरचढ, उभा दबून राहणारा. दोन बसक्या तुऱ्यांच्या पोटी उभ्या तुऱ्याचे पिलू निघू शकते. दोन्हीकडून बसक्या तुऱ्याचा वारसा मिळालेल्या नरांची प्रजननक्षमता कमी, त्यामुळे दबलेला वारसा पुरता निपटतही नाही. शुद्ध म्हणून जपलेल्या डॉमिनिकच्या कळपांत उभ्या तुऱ्याची पिले आजही निघतात. पट्टे फिसकटलेले, अंगलट आईचीच. पाळणारा त्यांना प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात न ठेवता अंगणात सोडून देतो.