साठवणयंत्रांचे दुभाषे

इतिहास वाचताना आपली दृष्टी स्वभावतःच राजे, सेनापती आणि मुत्सद्दी यांच्यावर खिळून राहते. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला होता, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्या वाटाघाटींत नारायण शेणवी नावाचा एक दुभाषी होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी राहते. तह होतो तेव्हा सह्या करणाऱ्यांची नावे उरतात. एकाचा शब्द दुसऱ्याला यथार्थ पोचविणारा मागे पडतो. पण त्या दुभाष्याने एखादे कलम उलटे सांगितले असते, तर पुढचा सारा व्यवहारच बिघडला असता. संगणकाच्या राज्यातही असा एक दुभाषी आहे. त्याचे नाव ‘डिव्हाइस ड्रायव्हर’. त्यांपैकी साठवणयंत्रांच्या दुभाष्यांचा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा आहे, असे कोणी समजू नये. आपली बँकेतील ठेव, रुग्णालयातील तपासणीची नोंद, शेताचा सातबारा या गोष्टी आज कागदावर कमी आणि संगणकाच्या साठवणयंत्रांत अधिक असतात. संगणकाचा मेंदू एकीकडे आणि माहिती धरून ठेवणारी हार्ड डिस्क दुसरीकडे. या दोहोंना जोडणारे जे कार्ड संगणकात बसवावे लागते, त्यास ‘होस्ट अडॅप्टर’ म्हणतात. त्या कार्डाशी कोणत्या भाषेत बोलावे, कोणत्या दारावर थाप मारावी, उत्तर न आल्यास काय करावे, हे जाणणारा आज्ञासंच म्हणजे ड्रायव्हर. त्याने ‘लिहिले’ असे सांगितले, की आपण निर्धास्त होतो. म्हणून तो खरे बोलतो की नाही, हा प्रश्न साऱ्या नागरिकांचा आहे.

प्रारंभ १९५६ सालापासून करावयास हवा. त्या वर्षी आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ हा संगणक पुढे आणला. त्याच्या साठवणयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत ५० लक्ष अक्षरे मावत. त्या काळी आणि पुढेही पुष्कळ वर्षे प्रत्येक कारखान्याच्या तबकडीला तिचे स्वतःचे नियंत्रक यंत्र लागे. कोणती तबकडी, तिचे कितवे वर्तुळ, त्या वर्तुळाचा कितवा तुकडा, एवढा तपशील संगणकाला सांगावा लागे. तबकडी बदलली, की हा सारा तपशीलही बदलावा लागे.

ही अडचण दूर करण्याचा यत्न १९७९ च्या सुमारास अमेरिकेत शुगार्ट असोसिएट्स या कंपनीत झाला. लॅरी बाऊचर हा त्याचा प्रमुख कर्ता. कल्पना साधी होती. संगणकाने ‘अमुक क्रमांकाचा तुकडा द्या’ एवढेच म्हणावे. तो कोठे आहे, हे शोधण्याचे काम तबकडीच्या बाजूने करावे. वाचनालयात आपण ग्रंथाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देतो. कपाट शोधण्याचे काम ग्रंथपालाचे असते, तसेच हे. या पद्धतीला ‘सासी’ असे नाव मिळाले. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या समितीने ती हाती घेतली, आणि १९८६ साली तिचे ‘स्कझी’ या नावाने मानक झाले. दरम्यान १९८१ मध्ये बाऊचरने ‘अडॅप्टेक’ ही स्वतःची कंपनी काढली होती. होस्ट अडॅप्टरच्या धंद्यात ती पुढे अग्रगण्य ठरली.

स्कझीचे नियम एखाद्या सुव्यवस्थित सभेच्या नियमांसारखे आहेत. एका तारेवर ८ सभासद. त्यांचे क्रमांक ० ते ७. कोणास बोलावयाचे असेल तर आधी तार मोकळी आहे की नाही ते पाहावे. एकाच वेळी दोघांनी हात वर केले, तर मोठ्या क्रमांकाचा आधी बोलेल. म्हणून ७ हा क्रमांक बहुधा अडॅप्टरकडेच असे. तारेच्या दोन्ही टोकांना ‘टर्मिनेटर’ बसवावे लागत. ते नसले, तर विजेचा संकेत टोकावर आपटून परत येई आणि दोन शब्द एकमेकांत मिसळत. यंत्र चालते, पण मधूनच चुकते, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या लहानशा वस्तूत सापडे.

येथे इतिहासातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. अडॅप्टर आणि तबकडी यांच्यामधील भाषा मानकाने ठरली. पण संगणक आणि अडॅप्टर यांच्यामधील भाषा ठरली नाही. ती प्रत्येक कारखान्याने आपापली केली. म्हणजे पुलाचे एक टोक सार्वजनिक आणि दुसरे खाजगी. या खाजगी टोकावर उभा राहणारा पहारेकरी म्हणजे ड्रायव्हर. आणि आमच्या कथेतील बहुतेक सारे हाल त्या टोकावरच झाले.

अडॅप्टेकचे १५४२ हे कार्ड त्या काळी फार प्रसिद्ध होते. त्याच्याशी बोलण्याची रीत टपालपेट्यांची होती. संगणकाने आपली आज्ञा स्मृतीत लिहून जाणाऱ्या पेटीत तिचा पत्ता ठेवावा. कार्डाने काम उरकून येणाऱ्या पेटीत उत्तर ठेवावे, आणि मग ‘इंटरप्ट’ नावाच्या संकेताने घंटा वाजवावी. हे सुरळीत व्हावयाचे तर कार्डाचे दार, घंटेचा क्रमांक आणि स्मृतीशी थेट देवघेव करण्याचा मार्ग या तिन्ही गोष्टी कार्डावर आणि ड्रायव्हरमध्ये तंतोतंत जुळाव्या लागत. दाराचा नेहमीचा क्रमांक षोडशमान पद्धतीने ३३०. पण संगीताच्या एमपीयू-४०१ या जोडणीचाही नेहमीचा क्रमांक तोच! एकाच घरक्रमांकाची दोन घरे झाल्यावर टपालवाल्याने काय करावे? गाण्याचे कार्ड बसविले आणि साठवणयंत्र मुके झाले, असा प्रकार त्यातून संभवे. उपाय एकच. कार्डावरील लहान खुंट्या हलवून एकाचा क्रमांक बदलावयाचा आणि तो ड्रायव्हरलाही कळवावयाचा.

याहून गंभीर दोष १६ मेगाबाइटचा. त्या काळच्या आयएसए जोडणीत स्मृतीचा पत्ता दाखविणाऱ्या तारा २४ होत्या. २४ तारांनी १६ मेगाबाइटपर्यंतच पत्ता सांगता येतो. संगणकांत याहून अधिक स्मृती येऊ लागली, तेव्हा वरचा पत्ता कार्डाला दिल्यास त्याचे पुढचे आकडे गळून पडत आणि माहिती भलत्याच जागी लिहिली जाई. घंटा वाजे, उत्तर ‘यशस्वी’ असे येई, आणि तरीही एकाचे धान्य दुसऱ्याच्या कणगीत पडलेले असे. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी १६ मेगाबाइटच्या आत एक पडवी राखून ठेवली. कार्डाने माल तेथे उतरवावा आणि मग संगणकाने तो आत न्यावा. वेळ थोडा अधिक लागे. पण माल सुरक्षित राही.

१९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रणालीचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, ड्र्यू एकहार्ट याने तीत स्कझीचा पाया घातला. या प्रणालीची संपूर्ण संहिता कोणालाही वाचता येत असल्यामुळे ड्रायव्हरमधील दोष कसे शोधले गेले, त्याची साधने आज आपल्यापुढे उघडी आहेत.

दोष शोधण्याचे हे काम मोठे चमत्कारिक. एखादा ड्रायव्हर बिघडला, तर त्याची हकीकत रोजनिशीत लिहून ठेवावी. पण येथे रोजनिशीच त्या तबकडीवर! तबकडीकडे जाणारी वाट बंद, म्हणजे साक्षही नाहीशी. यावर तोड म्हणून दुसरा संगणक तारेने जोडीत आणि मरणोन्मुख यंत्राचे शेवटचे शब्द त्याच्यावर टिपून घेत. उत्तर आले नाही तर काय करावे, याचाही क्रम ठरवावा लागला. तो एरिक यंगडेल याने १९९७ मध्ये लिहिलेल्या संहितेत दिसतो. प्रथम ती एक आज्ञा रद्द करावी. न जमल्यास त्या यंत्रास पूर्वस्थितीस आणावे. तेही न जमल्यास सारी तार. आणि सर्वांत शेवटी खुद्द अडॅप्टर. शक्य तोवर लहान उपाय करावा, मोठ्या उपायाने निर्दोष शेजाऱ्यांचे चाललेले काम मोडू नये, असा हा विवेक आहे.

शिवाय यंत्रेही मानक नेहमी पाळीत नसत. काही यंत्रे आपल्या पोटातील आठही उपक्रमांकांना ‘मी हजर’ असे उत्तर देत, आणि एक यंत्र आठ असल्याचा भास होई. काही तर असा प्रश्न विचारताच गोठून जात. लिनक्समध्ये अशा यंत्रांची नावनिशीवार यादीच ठेवलेली आहे. त्या यादीतील एकेका ओळीमागे कोणाच्या तरी एकेका रात्रीचे जागरण असले पाहिजे.

१९९४ साली कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जॉन एकॉक याने अडॅप्टेकच्या २७४० मालिकेसाठी ड्रायव्हर लिहिला. त्याच्या शिरोभागी त्याने आपली साधने नोंदविली आहेत. इतर कार्डांचे ड्रायव्हर, कार्डाबरोबर येणारी मांडणीची फाइल, वापरणाऱ्यांसाठी छापलेली पुस्तिका, तांत्रिक पुस्तक, चिपची माहिती आणि स्कझीची मानके अशी ती यादी आहे. ही यादी वाचताना आम्हास दप्तरे धुंडाळणाऱ्या राजवाड्यांची आठवण होते. एकच ग्रंथ सारे सांगत नाही. दहा ठिकाणचे तुकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. या कार्डाच्या चिपमध्ये एक लहानसा स्वतंत्र प्रक्रियकही होता. त्यालाही आज्ञा लिहून द्याव्या लागत. म्हणजे दुभाष्याने आणखी एका दुभाष्याला शिकवावयाचे! ते काम फ्रीबीएसडी प्रणालीच्या जस्टिन गिब्ज याने पुढे फार वरच्या पायरीवर नेले, आणि त्याचे फळ लिनक्सलाही मिळाले.

दुसरे नाव लेनर्ड झुबकॉफ याचे. बसलॉजिक या कंपनीच्या कार्डांचा ड्रायव्हर त्याने लिहिला. त्या कंपनीने त्यास सहकार्य दिले आणि नव्या कार्डाच्या चाचणीत सहभागी करून घेतले. माहिती दिली, की काम कसे स्वच्छ होते, याचा तो ड्रायव्हर उत्तम नमुना मानावयास हरकत नाही. २००२ च्या ऑगस्टमध्ये अलास्कात हेलिकॉप्टरच्या अपघातात झुबकॉफचा अंत झाला. कर्ता गेला; पण संहिता उघडी असल्यामुळे तिची देखभाल इतरांना करता आली.

याच्या उलट प्रसंग २००५ सालचा. ओपनबीएसडी प्रणालीचा प्रमुख थिओ डी राट याने अडॅप्टेककडे तिच्या रेड अडॅप्टरांची तांत्रिक माहिती मागितली होती. रेड म्हणजे अनेक तबकड्यांवर माहिती अशी वाटून ठेवण्याची पद्धत, की एक तबकडी मेली तरी माहिती वाचावी. पण कोणती तबकडी मेली, हे कळण्याची सोय नसेल, तर दुसरी मरेपर्यंत कोणाच्या ध्यानीच येणार नाही. हवी ती माहिती मिळाली नाही, तेव्हा त्याने तो ड्रायव्हर आपल्या प्रणालीच्या नेहमीच्या बांधणीतून वगळला. जो दुभाषी अर्धेच बोलतो, त्याच्यापेक्षा दुभाषी नसलेला बरा, असा त्याचा अर्थ. कंपनीच्या बाजूने इतके सांगणे न्याय्य होईल, की तिच्याच दुसऱ्या कार्डांच्या ड्रायव्हरला तिने आधार दिला होता आणि गिब्जला आपल्या पदरीही ठेवले होते. धंद्याची गुपिते राखावीत असे कारखानदारास वाटणे स्वाभाविक आहे. पण चिप कशी घडविली, हे गुपित वेगळे. आणि तिच्याशी कसे बोलावे, हे वेगळे. कुलपाच्या कारखान्याने आपली भट्टी दाखवू नये. पण ग्राहकाला किल्ली तरी द्यावयास नको काय?

ड्रायव्हरांची ही दशा आकड्यांतही दिसून आली. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सची संहिता तपासली, तेव्हा ड्रायव्हरांतील दोषांचे प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तुलनेने ३ ते ७ पट असल्याचे आढळले. याचे खापर लिहिणाऱ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. आमच्या मते कारण अधिक खोल आहे. ज्या यंत्राचे पुरते वर्णन हाती नाही, जे कार्ड थोड्यांकडेच आहे आणि ज्याची चूक महिन्यातून एकदाच उमटते, तेथे दोष दडून राहावेत यात नवल ते कोणते?

अखेर पुलाचे दुसरे टोकही सार्वजनिक होऊ लागले. २००४ साली इंटेलने ‘एएचसीआय’ ही रचना प्रसिद्ध केली. तिच्यामुळे निरनिराळ्या कारखान्यांच्या अडॅप्टरांना एकच ड्रायव्हर पुरू लागला. २०११ मध्ये चिपच्या साठवणयंत्रांसाठी ‘एनव्हीएमई’चे पहिले मानक आले, तेही याच वळणाचे. जुनी जाड स्कझी केबल आता क्वचितच दृष्टीस पडते. परंतु तिची भाषा मेलेली नाही. आपण खिशात बाळगतो त्या पेन ड्राइव्हशी संगणक आजही स्कझीच्याच आज्ञांनी बोलतो. राज्ये जातात, पण त्यांची दप्तरी भाषा मागे टिकते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही.

या इतिहासातून नागरिकांनी काय घ्यावे? आमच्या सार्वजनिक नोंदी यंत्रांच्या हवाली करताना किंमत आणि वेग यांची चौकशी होते. तिच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: या यंत्राशी बोलण्याची रीत कोठे लिहून ठेवलेली आहे, आणि ती कोणास वाचता येते? विकणारी कंपनी उद्या दुसरीच्या पोटात जाईल. खुद्द अडॅप्टेकचा साठवणीचा व्यवसाय २०१० साली पीएमसी-सिएरा या कंपनीकडे गेला. लिहिणारा उद्या हयात नसेल. नोंदी मात्र नातवंडांच्या काळातही वाचता आल्या पाहिजेत. ती वेळ येईल तेव्हा दुभाष्याचे व्याकरण कोणाच्या तिजोरीत अडकलेले असू नये. ते चारचौघांच्या हाती असावे.