संगणकाच्या पडद्याचे रूप कोणी ठरवायचे?

कल्याण स्टेशनच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना आपले डोळे इंडिकेटरकडे लागलेले असतात. गाडीचे नाव कधी देवनागरीत उमटते, कधी रोमनमध्ये. त्याच्याजवळ जाऊन पाहिले तर लक्षात येते, की तिथे अक्षर असे काही नाहीच. आहेत ते फक्त पेटलेले आणि विझलेले ठिपके. कोणता ठिपका पेटवायचा हे दूर कुठेतरी ठरलेले असते आणि आपण ते 'वाचतो'.

संगणकाचा पडदासुद्धा असाच ठिपक्यांचा फलक आहे. त्याची पार्श्वभूमी, चौकटींचे रंग, बटनांचा आकार, अक्षरांचे वळण हे सारे ठिपक्यांच्या हिशेबातून येते. मग प्रश्न असा, की हा हिशेब कोणी करायचा? यंत्र बनवणाऱ्याने, आज्ञावली लिहिणाऱ्याने, की ते वापरणाऱ्याने? लिनक्स या मुक्त प्रणालीच्या इतिहासात या प्रश्नावरून बरेच वाद झाले, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या मराठीशी जोडलेला आहे.

आठ बाइटांचे चित्र

१९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके होते. प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. म्हणजे एका ठिपक्याला एक बिट पुरे. एकूण ठिपके १,७५,१०४. त्यांना ८ ने भागले की २१,८८८ बाइट. संगणकाची सगळी स्मृती १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट. पडद्यानेच तिचा सहावा हिस्सा व्यापलेला. पार्श्वभूमीसाठी वेगळे पूर्ण चित्र साठवायचे तर आणखी तेवढाच हिस्सा गेला असता.

यावरचा उपाय साधा होता. बुद्धिबळाच्या पटासारखा ८ गुणिले ८ घरांचा एक तुकडा घ्यायचा आणि जमिनीवर फरशा बसवाव्यात तसा तो पडदाभर पुन्हा पुन्हा मांडायचा. ६४ घरे म्हणजे ६४ बिट, म्हणजे फक्त ८ बाइट! वापरणाऱ्याला हा तुकडा स्वतः बदलता येई. प्रत्येक घर काळे किंवा पांढरे, म्हणून शक्य नक्ष्यांची संख्या २ चा ६४वा घात. ही संख्या वीस अंकी आहे. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी युनिक्स प्रकारच्या संगणकांसाठी 'एक्स' नावाच्या खिडकी-प्रणालीचे काम सुरू केले. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. या प्रणालीची पार्श्वभूमी म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, विणलेल्या कापडासारखी दिसणारी करडी नक्षी. ती बदलायची तर एक आज्ञा टाइप करायची आणि रंगाचे नाव द्यायचे.

'एक्स'मागचे तत्त्व मोठे लक्षणीय होते. सोय आम्ही देऊ, धोरण तुम्ही ठरवा. शाळेने वर्गात फळा आणि भिंतीवर खिळे दिले. तिथे काय टांगायचे ते वर्गाने ठरवावे, तसेच. खिडकी कशी हलवायची, तिला चौकट कसली, हे 'एक्स'ने मुद्दाम स्वतःकडे ठेवले नाही. त्यासाठी वेगळा 'खिडकी-व्यवस्थापक' असे आणि तो प्रत्येकाला आपल्या आवडीचा निवडता येई.

स्वातंत्र्य फार झाले तर?

१९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. पुढच्याच वर्षी त्यावर 'एक्स' चालू लागले आणि घरच्या संगणकावर ही प्रणाली वापरणे शक्य झाले. खिडकी-व्यवस्थापकांचे तर पेवच फुटले. रंग, चौकटी, पार्श्वभूमीचे चित्र, सगळे बदलता येई. मात्र त्यासाठी लांबलचक मजकूर-फाइल हाताने लिहावी लागे.

रंगांचीही टंचाई होती. त्या काळातले बरेच संगणक एका वेळी २५६ रंगच दाखवू शकत. पार्श्वभूमीला एखादे छायाचित्र लावले की त्यानेच बहुतेक रंग बळकावलेले. मग दुसरा प्रोग्रॅम स्वतःची वेगळी रंगपेटी उघडी आणि उंदीर त्याच्या खिडकीत नेला की बाकीचा पडदा भलत्याच रंगात न्हाऊन निघे. आज १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्याला, दर ठिपक्यास ४ बाइट धरून, सुमारे ८३ लाख बाइट लागतात. पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्याच्या सुमारे ३८० पट! स्मृती स्वस्त झाली म्हणून आपल्याला सह्याद्रीचे छायाचित्र मागे लावून निवांत काम करता येते.

पण खरी अडचण वेगळीच होती. धोरण कोणीच ठरवत नसल्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमचा चेहरा निराळा. एकात बटन इकडे, दुसऱ्यात तिकडे. नवशिक्याची त्रेधा उडे. ऑक्टोबर १९९६ मध्ये माटियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने सगळ्या प्रोग्रॅमना एकसारखे रूप देणारा 'केडीई' प्रकल्प जाहीर केला. त्याचा पाया असलेली क्यूटी ही आज्ञावली तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हती. त्यामुळे ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी दुसरा प्रकल्प सुरू केला, 'ग्नोम'.

आता चेहरे दोन झाले. २००२ मध्ये रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत 'ब्लूकर्व' नावाची सजावट आणली आणि दोन्ही चेहऱ्यांना एकच मुखवटा चढवला. नव्या वापरकर्त्यांची सोय झाली, पण केडीईचे बरेच कार्यकर्ते नाराज झाले. आमच्या कामाची ओळखच पुसली, अशी त्यांची तक्रार होती. ज्याला आपण 'नुसती सजावट' म्हणतो, तिच्यात माणसे किती गुंतलेली असतात हे यातून दिसते.

पडदा आपला, अक्षरे कोणाची?

इथे आपल्या दृष्टीने सर्वांत कळीचा भाग येतो. पार्श्वभूमीला हवे ते चित्र लावले, रंग बदलले, तरी मेनूतले शब्द इंग्रजीच राहिले तर तो पडदा आपला झाला असे म्हणता येईल का? पण देवनागरी पडद्यावर आणणे हे चित्र बदलण्याइतके सोपे नव्हते.

रोमन लिपीत एक कळ, एक अक्षर, एक आकार. देवनागरीत तसे नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क म्हणतो, मग इकार. संगणकही याच क्रमाने साठवतो. दाखवताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'कार्य'मध्ये र आधी साठवलेला, पण रफार चढतो य वर. म्हणजे साठवणे एका क्रमाने आणि दाखवणे दुसऱ्या. मधे कोणीतरी जुळणी करायला हवी. छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा कंपोझिटर करी.

साठवण्याचे मानक आपल्याकडे लवकर तयार झाले. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आलेल्या 'युनिकोड' या जागतिक मानकाने देवनागरीला १२८ जागांचा गट दिला, आणि त्याची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. उरला प्रश्न पडद्यावरच्या कंपोझिटरचा.

त्यावरचे एक महत्त्वाचे काम मुंबईत जुहूला झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका गटातून १९८५ मध्ये 'एनसीएसटी' ही संगणक-संस्था निघाली होती (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली). तिथे 'इंडिक्स' या प्रकल्पात 'एक्स' प्रणालीतच भारतीय लिप्यांची जुळणी करण्याची सोय घालण्यात आली. याच संस्थेत र. कृ. जोशी काम करत होते. मराठी वाचकांना ते कवी आणि सुलेखनकार म्हणून माहीत आहेत. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट त्यांचाच, आणि इंडिक्सबरोबर मुक्तपणे वाटला गेलेला 'रघू' हा फाँटही त्यांचाच. बोरूने अक्षर घोटणारा माणूस ठिपक्यांच्या अक्षरांपर्यंत आला, ही आपल्या लिपीच्या इतिहासातली मोठी घटना मानायला हवी.

जगात इतरत्रही हेच कोडे सुटत होते. २००२ मधल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीत 'पँगो' हा जुळणी करणारा भाग आला. 'पॅन' म्हणजे ग्रीक भाषेत 'सर्व' आणि 'गो' म्हणजे जपानीत 'भाषा'. आज हे काम मुख्यतः 'हार्फबझ' करते. हे नाव फारसी आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला 'हरफ'च, आणि 'बाझ' म्हणजे खुले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड फोन या सर्वांत मराठी अक्षरे जुळवण्याचे काम आज हाच मुक्त प्रोग्रॅम करतो.

फाँटही हवे होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने घडवलेले 'लोहित' फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. मुंबईत 'इंडलिनक्स' हा स्वयंसेवकांचा गट भाषांतराच्या कामाला लागला होता. सुरुवात हिंदीपासून झाली, मग मराठीसह इतर भाषांचे लोक आपापले काम करू लागले. हे काम दिसते त्यापेक्षा किचकट असते. भाषांतरकाराला वाक्ये सुटी सुटी मिळतात, संदर्भ मिळत नाही. इंग्रजीतला एकच 'ओपन' शब्द कुठे 'उघडा' अशी आज्ञा असतो, तर कुठे 'उघडे आहे' अशी स्थिती. 'एक फाइल' आणि 'दोन फाइली' यांतला फरकही प्रोग्रॅमला शिकवावा लागतो.

आचार्य आणि आचारी

आणि तरीही मराठीची काही खास दुखणी उरली. भाषेच्या शिक्षकांना पहिले लगेच कळेल. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. हिंदीत हा भेद लागत नाही. केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून जुळणी केली तर गुरुजी आणि स्वयंपाकी एकच होणार! युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ऱ वापरून हा अर्धा र लिहिण्याची सोय आहे, पण जुळणी करणाऱ्या भागाने आणि फाँटने ती पाळायला हवी.

दुसरे दुखणे ल आणि श यांच्या वळणाचे. मराठी ल आणि श ही हिंदी वळणापेक्षा वेगळी दिसतात. कल्याणच्या बाजारपेठेतल्या पाट्या नीट पाहिल्या तर काही वेळा दोन्ही वळणे एकाच पाटीवर सापडतील. २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेचे रूप निश्चित करताना मराठी वळणालाच मान्यता दिली. आता काही फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि संगणकाची भाषा 'मराठी' ठेवली, की मराठी वळण आपोआप निवडले जाते. तिसरे, 'ॲ' हे अक्षर. ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर ते नीट लिहिण्यासाठी स्वतंत्र जागाच नव्हती.

हे सगळे दुरुस्त होऊ शकले, याचे एक कारण असे, की मुक्त आज्ञावली कोणालाही उघडून पाहता येते. चूक दिसली तर ती कळवता येते, जमले तर स्वतः सुधारता येते. आपल्या भाषेचा बाजार किती मोठा आहे, याचा हिशेब कंपनीने करीपर्यंत थांबावे लागत नाही.

वाद अजून संपलेला नाही

एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात रूप बदलण्याच्या बऱ्याच सोयी नेहमीच्या जागेवरून काढल्या होत्या. पडदा नीटनेटका आणि एकसारखा दिसावा, हा रचनाकारांचा हेतू. पुष्कळांना तो पटला नाही. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुन्या आवृत्तीचीच आज्ञावली घेऊन तिला नवे नाव देऊन पुढे चालवले. तिकडच्या प्रसिद्ध पेयावरून ते नाव पडले 'माते'. लिनक्स मिंटच्या लोकांनी 'सिनॅमन' काढले. २०१९ मध्ये तर ग्नोमसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या काहींनीच जाहीर पत्र काढले, की लिनक्स वितरकांनी आमच्या प्रोग्रॅमचे रूप परस्पर बदलू नये. रंग बिघडतात, अक्षरे दिसेनाशी होतात आणि तक्रारी आमच्याकडे येतात.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सगळे सुटे ठेवले तर गोंधळ होतो, सगळे बांधून टाकले तर वेगळी गरज असणारा बाहेर पडतो. दृष्टी कमजोर असलेल्या मुलाला गडद पार्श्वभूमीवर मोठी अक्षरे हवी असतात. त्याच्यासाठी ही हौस नसते, वाचता येणे आणि न येणे एवढा फरक असतो.

वर्गात करून पाहा

१. चौकटीच्या कागदावर ८ गुणिले ८ घरांची नक्षी रंगवा. प्रत्येक ओळ ० आणि १ मध्ये लिहा. ८ ओळी म्हणजे ८ बाइट. शेजारी शेजारी मांडल्यावर शिवण दिसू नये यासाठी काय करावे लागते ते मुलांना शोधू द्या.

२. शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा. मेनूतले कोणते शब्द समजतात, कोणते अवघड वाटतात, त्यांची यादी करा आणि प्रत्येकाला मुलांकडून दुसरा शब्द सुचवून घ्या.

३. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द वेगवेगळ्या फाँटमध्ये टाइप करून पाहा. कुठे घोटाळा होतो? ल आणि श कोणत्या वळणाचे दिसतात?

दुसऱ्या उपक्रमातली यादी वहीत ठेवू नका. मराठी भाषांतर करणारे गट आजही स्वयंसेवकांवरच चालतात आणि तिथे सूचना पाठवायला पदवी लागत नाही. सातवीतल्या एखाद्या मुलीने सुचवलेला नेमका शब्द पुढच्या आवृत्तीत सगळ्यांच्या पडद्यावर येऊ शकतो.