अठ्ठेचाळीसचा गोंधळ

इटालियन शिकणारा विद्यार्थी लवकरच भूतकाळापाशी अडखळतो. घडून संपलेल्या क्रियेसाठी तिथे दोन काळ आहेत : ‘पास्सातो प्रोस्सिमो’ म्हणजे जवळचा भूतकाळ आणि ‘पास्सातो रेमोतो’ म्हणजे दूरचा. ज्या घटनेचा वर्तमानाशी धागा उरला आहे ती जवळची, ज्याचा तुटला ती दूरची, असे व्याकरण सांगते. बोलण्यात मात्र उत्तरेकडचा माणूस बहुधा पहिल्यावरच भागवतो, तर सिसिलीतला माणूस आज सकाळची हकिकतही दुसऱ्या काळात सांगू शकतो. तेव्हा इतिहासाशी उरलेला धागा पाहायचा तर क्रियापदांपेक्षा वाक्प्रचारांकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

सभेत हमरीतुमरी झाली की इटालियन माणूस म्हणतो, ‘क्वारान्तोत्तो’ झाले. म्हणजे ‘अठ्ठेचाळीस’ झाले. हे अठ्ठेचाळीस १८४८ सालचे. त्या वर्षी १२ जानेवारीला पालेर्मोत उठाव झाला. १८ ते २२ मार्च या पाच दिवसांत मिलानच्या नागरिकांनी रस्तोरस्ती झुंजून ऑस्ट्रियाची फौज शहराबाहेर घालवली. व्हेनिसमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हेनिसही शरण गेले आणि हे पर्व संपले.

मिलानमधील एका चौकाला त्या पाच दिवसांचेच नाव आहे, तिथे स्मारकही उभे आहे. इतिहासग्रंथ या वर्षाला राष्ट्रीय एकीकरणाच्या लढ्यात मानाचे स्थान देतात. लोकांच्या जिभेवर मात्र ते ‘गोंधळ’ एवढ्याच अर्थाने उरले. उठाव यशस्वी झाला असता तर हाच शब्द विजयाचा वाचक झाला असता काय? उत्तर सोपे नाही. परंतु ज्याच्या दारासमोर अडथळे रचले गेले, ज्याचा बाजार बंद पडला, त्या सामान्य गृहस्थाचा अनुभव या शब्दात शिल्लक आहे, असे मानण्यास जागा आहे.

दुसरा शब्द ‘कापोरेत्तो’. ऑक्टोबर १९१७ मध्ये या गावाजवळ इटलीची आघाडी कोसळली. अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले. गाव आज स्लोव्हेनियात आहे, तरी निवडणुकीतला वा खेळातला दारुण पराभव इटलीत अजून ‘कापोरेत्तो’च ठरतो. वर्षभरातच व्हित्तोरिओ व्हेनेतोला मिळालेल्या विजयाला असे भाग्य लाभले नाही. मराठी वाचकाला येथे ‘पानिपत’ आठवेल. १७६१ नंतर दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत पोचले. पण वाक्प्रचार झाला तो पराभवाचाच.

तिसरा शब्द अधिक सावधपणे घ्यावा लागतो. ‘व्हेंतेन्निओ’ म्हणजे नुसता वीस वर्षांचा काळ. प्रत्यक्षात तो उच्चारताच १९२२ ते १९४३ ची फॅसिस्ट राजवट समजली जाते. एखादी इमारत ‘त्या वीस वर्षांतली’ आहे असे म्हटले की वाक्य पुरे होते. मात्तेओत्तीचा १९२४ मधील खून किंवा १९३८ चे ज्यूविरोधी कायदे यांचा त्या आकड्यात मागमूस नसतो. अठ्ठेचाळीसच्या आकड्याने निदान गोंधळ तरी लक्षात ठेवला. विसाच्या आकड्याने गुन्हेगाराचे नावही घेतलेले नाही.

म्हणून परभाषेतील असे शब्द शिकवताना अर्थ सांगून थांबणे आम्हांस अपुरे वाटते. तो कोणाच्या अनुभवातून आला आणि कोणाचा अनुभव त्याने बाहेर ठेवला, हेही विद्यार्थ्याला विचारायला शिकवले पाहिजे. इटालियनपुरते हे जमले, तर ‘पानिपत’ उच्चारतानाही तो क्षणभर थांबेल.