स्वीडिश आणि टागालोग : राज्यकर्त्यांची भाषा, राबणाऱ्यांची भाषा

भाषा पसरते ती साम्राज्याच्या पाठीवर बसून, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. इंग्रजी आणि स्पॅनिशच्या बाबतीत ते खरेही आहे. पण स्वीडिश आणि टागालोग शेजारी ठेवून पाहिल्या, तर हा नियम लंगडा पडतो. एकीच्या मागे साम्राज्य होते, दुसरीवर साम्राज्ये चालून आली. तरीही मातृभूमीबाहेर आज अधिक ठिकाणी कानी पडते ती दुसरीच. हे कसे घडले, ते या धाग्यात पाहू.

सतराव्या शतकात बाल्टिक समुद्राभोवतीचा मोठा प्रदेश स्वीडनच्या अमलाखाली होता. १६३८ मध्ये स्वीडिशांनी अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी वसाहत स्थापली, पण १६५५ मध्ये डच लोकांनी ती घेतली. १७८४ ते १८७८ या काळात कॅरिबियन समुद्रातले सेंट बार्थेलेमी हे चिमुकले बेट स्वीडनकडे होते. राजा तिसऱ्या गुस्टाव्हच्या नावावरून तिथल्या राजधानीला गुस्टाव्हिया हे नाव मिळाले. नाव टिकले, लोक मात्र पूर्वीसारखेच फ्रेंच बोलत राहिले.

स्वीडिश खरी टिकली ती फिनलंडमध्ये, आणि तिथे तिने प्रवास केला असे आज म्हणता येत नाही. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेले. माणसे जागच्या जागी राहिली, सीमा तेवढी सरकली. स्वतंत्र फिनलंडच्या १९१९ च्या राज्यघटनेने फिनिशसोबत स्वीडिशलाही राष्ट्रभाषेचा दर्जा दिला. आज तिथले सुमारे ५ टक्के लोक स्वीडिशभाषक आहेत. ओलंड द्वीपसमूहाचा तंटा तर राष्ट्रसंघापर्यंत पोहोचला. १९२१ मध्ये निवाडा झाला : बेटे फिनलंडची, पण स्वायत्त, आणि तिथल्या स्वीडिश भाषेला संरक्षणाची हमी. छोट्या समूहाची भाषा कायद्याच्या आधाराने कशी तगते, याचे इतके स्वच्छ उदाहरण युरोपात क्वचितच सापडेल.

याच्या नेमकी उलट कथा एका गावाची आहे. आजच्या एस्टोनियातील डागो बेटावर स्वीडिश शेतकरी राहत असत. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या आज्ञेवरून १७८१ मध्ये त्यांतले सुमारे हजार जण थेट दक्षिण युक्रेनकडे निघाले. वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत त्यांतले निम्म्याहून अधिक दगावले. उरलेल्यांनी नीपर नदीकाठी वसवलेल्या गावाचे नाव गामालस्वेन्स्कबी, म्हणजे ‘जुने स्वीडिश गाव’. चर्च आणि एकाकीपणा यांच्या बळावर त्यांनी आपली बोली दीडशे वर्षे जपली. १९२९ मध्ये बहुतेक गाव स्वीडनला परतले. काही जण तिथेही न रमल्याने पुन्हा युक्रेनला आले! एकविसावे शतक उजाडले तेव्हा गावात ती बोली जाणणारे थोडे वृद्धच उरले होते.

अमेरिकेतील गोष्ट याहून कितीतरी मोठी, पण तिचा शेवट तसाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा लाखांहून अधिक स्वीडिश तिकडे गेले. मिनेसोटा, इलिनॉय या राज्यांत त्यांची शेते होती, वृत्तपत्रे होती, स्वतःची चर्चेस होती. पण ते कायमचे राहायला गेले होते, आणि मुले इंग्रजी शाळेत जात होती. पहिल्या महायुद्धात परकीय भाषांविषयी संशय वाढला. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने तर सार्वजनिक जागी, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलावी, असे फर्मान काढले. १९२४ च्या कायद्याने नव्या स्थलांतरितांचा ओघही आटवला.

आता टागालोगकडे वळू. फिलिपिन्समध्ये सापडलेल्या लगुना ताम्रपटावर शके ८२२, वैशाख महिना असा काळ कोरलेला आहे. आपल्या पंचांगातला तोच शक. त्याची भाषा मुख्यतः जुनी मलय, पण तीत संस्कृत आणि जुन्या टागालोगचेही शब्द आहेत. आजच्या टागालोगमध्येही शिक्षकाला ‘गुरो’ आणि चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात.

१५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला घेतले. पण धर्मोपदेशकांनी सर्वांना स्पॅनिश शिकवण्याऐवजी स्वतःच स्थानिक भाषा शिकून घेतल्या. १५९३ मध्ये मनिलात स्पॅनिश आणि टागालोग अशा दोन्ही भाषांत ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक छापले गेले. १८९८ नंतर अमेरिकनांनी शाळांत इंग्रजी आणली. १९३७ मध्ये अध्यक्ष मानुएल केसॉन यांनी राष्ट्रभाषेचा पाया म्हणून टागालोगची निवड घोषित केली. सेबुआनो भाषकांना ही राजधानीची दांडगाई वाटली, आणि माझ्या मते ती तक्रार निराधार नव्हती.

परदेशी पहिला मान मात्र टागालोगला मिळाला नाही. १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत इलोकानो आणि विसाया लोकच अधिक होते. चित्र पालटले ते पुढे. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने परिचारिका आणि डॉक्टरांना वाट मोकळी झाली. १९७४ मध्ये मार्कोस राजवटीने नवी कामगार संहिता आणून मजूर परदेशी पाठवणे हे सरकारी धोरणच बनवले. तेलाचे भाव नुकतेच भडकले होते आणि आखाताला माणसे हवी होती. आज रियाध आणि दुबईतल्या वस्त्यांत, मालवाहू जहाजांवर, रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात सुट्टीला जमणाऱ्या घरकामगार स्त्रियांत ही भाषा ऐकू येते. अमेरिकेत सुमारे सतरा लाख लोक घरी टागालोग बोलतात.

यात भाषाप्रेमाचा वाटा किती? अमेरिकेत वाढलेली फिलिपिनो मुलेही बरीचशी मिनेसोटातल्या स्वीडिश मुलांच्याच वाटेने जातात. फरक इतकाच की तिथे दरवर्षी नवी माणसे येत राहतात. आखातात तर कायमचे राहताच येत नाही. करार संपला की परतायचे, आणि मुले बहुधा गावी आजीपाशी. परदेशी टागालोग ताजी राहते त्यामागे या ताटातुटीचा मोठा वाटा आहे.

आणि बोलणाऱ्या सगळ्यांची ती मातृभाषाही नसते. सेबूची बाई आणि इलोकोसची बाई दुबईत भेटल्या की टागालोगमध्ये बोलतात. रात्री घरी फोन लावताना मात्र प्रत्येकीची भाषा वेगळी असते.