बेरजेच्या आतले आकडे

मी डॉक्टर नाही. चाळिशीनंतर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आमच्या ‘सावाना’त, बसून वैद्यकाचा इतिहास वाचू लागलो आणि संख्याशास्त्र घरीच शिकलो. नातीला सहाव्या आठवड्यात रोटाव्हायरसची लस पाजली, तेव्हा सूनबाईने विचारले, “बाबा, ही लस आधी कुणाच्या मुलांना दिली होती?” हा लेख त्या प्रश्नातून निघाला.

पोटाच्या रोगांवरील लशींचा आपल्याकडचा इतिहास हाफकिन यांच्यापासून सुरू होतो. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, तेच हे. प्लेगसाठी मुंबईला येण्याआधी ते कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचत होते. १८९४ मध्ये कट्टल बागान वस्तीतल्या सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे कॉलऱ्याचे ९ रोगी निघाले, त्यांतले ७ दगावले. नऊही जण लस न घेतलेले होते. मला महत्त्वाची वाटते ती मांडणी : वस्ती एकच, टोचलेले किती, न टोचलेले किती, हे सगळे वाचकासमोर.

आता एकविसाव्या शतकात येऊ. रोटाव्हायरसमुळे लहान मुलांना तीव्र जुलाब होतात. अमेरिकेत १९९८ मध्ये यावरची ‘रोटाशील्ड’ लस आली आणि १९९९ मध्येच मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकला. याला इंटससेप्शन म्हणतात. वेळेत उपचार न झाल्यास ते जिवावर बेतते. त्यामुळे भारतीय ‘रोटाव्हॅक’च्या चाचणीत या धोक्यावर विशेष नजर होती.

२०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याचे केईएम संशोधन केंद्र अशा तीन ठिकाणी ६,७९९ बाळे चाचणीत घेतली. ४,५३२ जणांना लस आणि २,२६७ जणांना लशीसारखेच दिसणारे, पण लस नसलेले थेंब दिले. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून संरक्षण सुमारे ५४ टक्के. इंटससेप्शन लस गटात ६, दुसऱ्या गटात २. सहा म्हणजे दोनाच्या तिप्पट, असे घाईने वाचू नये. लस गट दुप्पट मोठा होता. दर हजारी हिशेब केला तर १.३ आणि ०.९. एवढ्या लहान फरकावरून काहीच ठरत नाही.

पण तिन्ही केंद्रांत मिळून ६, तर प्रत्येक केंद्रात किती? दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल आणि इतरांनी हे केंद्रवार आकडे मागितले. वाद न्यायालयापर्यंत गेला. चाचणी एकच आहे, तुकडे केले तर लहान आकड्यांतून भलते निष्कर्ष निघतात, हा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या दृष्टीने खोटा नाही. तरी माझे मत असे की, निष्कर्ष काढू नका हे सांगणे वेगळे आणि आकडा न दाखवणे वेगळे.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २०१६ पासून लस सरकारी कार्यक्रमात आली. २०१६ ते २०१९ या काळात देशभरातल्या २७ रुग्णालयांत इंटससेप्शनच्या ९७० बाळांची नोंद झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लशीशी संबंध आढळला नाही.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘रोटासील’चे उदाहरण मला आश्वासक वाटते. नायजरमध्ये तिचे संरक्षण ६६.७ टक्के, तर भारतातल्या ७,५०० बाळांच्या चाचणीत पहिल्या विश्लेषणात ३६ टक्के भरले. २०१७ मध्ये दोन्ही आकडे छापले गेले. कमी भरलेला आकडा लपला नाही, म्हणूनच जास्त भरलेल्यावर विश्वास बसतो.

आपल्या देशात २००७ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि २००९ पासून तीत नोंद सक्तीची आहे. चाचणी सुरू झाली हे त्यामुळे कळते. निकाल पूर्ण कळणे ही पुढची पायरी.

सूनबाईला मी सांगितले, “लस निर्धास्त पाज. पण ज्या आयांनी आपली बाळे आधी पुढे केली, त्यांना हिशेब पूर्ण मिळायला हवा.”